मासेमारीचा ब्रेडेड दोरा कापताना होणाऱ्या चुका, आणि कात्री घेताना काय बघायचं

भरती चढायला लागलेली, उजेड जेमतेम अर्ध्या तासाचा उरलेला आणि खडकाच्या कडेला जिताड्याने दोनदा पाणी फोडलेलं. नेमका तेव्हाच लीडर, म्हणजे मुख्य दोऱ्याच्या पुढे जोडलेला तुकडा, खडकाला घासून तुटला. नवा बांधायला घेतला तर ब्रेडचं, म्हणजे विणलेल्या मुख्य दोऱ्याचं, टोक स्विव्हलच्या (फिरत्या कडीच्या) डोळ्यातून जाईना. नेलकटरने कापलेल्या त्या टोकाची पार केरसुणी झाली होती. थुंकी लावून पीळ दिला, पुन्हा कापलं, पुन्हा केरसुणी. तोवर पायाखालच्या खडकावर पाणी आलं आणि मी गाशा गुंडाळला. नेलकटर आदल्याच आठवड्यात घेतलेला, कोरा करकरीत होता. म्हणजे धार गेली म्हणायचीही सोय नव्हती.

खडकावर भेटणाऱ्या निम्म्या लोकांची तक्रार हीच असते. तंगूस एका फटक्यात तुटतो, मग त्याच्याहून बारीक ब्रेड का कापला जात नाही? (घरात 'ब्रेड संपला' म्हटलं की मला आधी कुठला ते विचारावं लागतं, ती गोष्ट वेगळी.)

तंगूस म्हणजे नायलॉनची एकच भरीव काडी. दोन्ही बाजूंनी दाबली की तुटते. ब्रेड असतो पॉलिथिलीनच्या फार मजबूत तंतूंचा. डायनीमा, स्पेक्ट्रा ही त्याच धाग्याची व्यापारी नावं. चार किंवा आठ पेड एकत्र विणलेले आणि एकेका पेडात कितीतरी सुटे तंतू. वीस पौंडी ब्रेड साधारण पाव मिलिमीटर जाड, तर तेवढ्याच ताकदीचा तंगूस जवळपास दुप्पट. त्यात हे तंतू कमालीचे बुळबुळीत. पात्यांमध्ये केसाएवढी फट मिळाली तरी ते आडवे होऊन तिच्यात शिरतात. काही कापले जातात, काही नुसते चेपतात आणि काही लांब ओढले जातात. केरसुणी होते ती अशी.

म्हणून हत्यार घेताना मी धार नंतर बघतो. पातं दोऱ्याला निसटू देतं का, हे आधी.

नेलकटरवर भिस्त

नेलकटरच्या दोन्ही कडा समोरासमोर येऊन टेकतात, कात्रीसारख्या एकमेकींना घासून पुढे जात नाहीत. नखासाठी ते पुरतं, कारण नख जाड आणि कडक. ब्रेडसाठी मात्र त्या कडा टोकापासून टोकापर्यंत तंतोतंत टेकायला हव्यात. तुमचा नेलकटर पूर्ण दाबा आणि ट्यूबलाइटसमोर धरून बघा. कडांमधून उजेडाची रेघ दिसली तर तो तंगुसासाठी ठेवा. रेघ दिसलीच नाही तर ब्रेडही कापेल, पण महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तपासा. खाऱ्या हवेत कडेला गंजाचा एक ठिपका पडला की तेवढ्या जागी फट तयार होते. एकाच डब्यातल्या दोन नेलकटरांपैकी एक चालला आणि दुसरा नाही, असंही मी पाहिलंय.

ब्रेडसाठी मिळणाऱ्या छोट्या कात्रीच्या एका पात्याला नीट पाहिल्याशिवाय दिसणार नाहीत असे बारीक दाते असतात. नखाची कड पात्यावरून अलगद फिरवली की खरखर जाणवते. हे दाते तंतूंना जागीच धरून ठेवतात, म्हणून दुसरं पातं त्यांना कापू शकतं. शिंप्याकडची दोरे तोडायची चिमटा कात्रीही वाईट नाही, पात्यं घट्ट असली तर.

कात्री धारवाल्याला देणं

ही चूक माझी, आणि चांगली महागात पडलेली. दातेरी कात्री वर्षभर छान चालली, मग जरा अडखळायला लागली. सायकलवर चाक फिरवत धारवाला आला, घरातल्या विळीबरोबर मी तीही दिली. परत आली तेव्हा आरशासारखी चकाकत होती. कागद सर्रकन कापायची आणि ब्रेड मात्र पात्यांत आडवा घ्यायची. चाकावर धार काढताना दाते घासून साफ गेले होते. त्यात धारवाल्याचा काही दोष नाही, दाते ठेवायचे आहेत हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

अशी कात्री अडखळू लागली तर आधी मधला स्क्रू बघा. दहापैकी आठ वेळा तो ढिला झालेला असतो. पाव आटा आवळला की कात्री पुन्हा वठणीवर येते. स्क्रूऐवजी रिव्हेट असेल तर लोखंडावर ठेवून हातोडीने हलके दोन टोले द्या. जोरात मारलात तर कात्री उघडणारच नाही. एवढं करूनही चालली नाही तर नवी घ्या.

ढिला दोरा कापणं

हत्यार चांगलं असूनही टोक पिंजतंय? मग दोरा ताणलाय का ते बघा. सैल दोरा पात्याबरोबर वाकतो, ताणलेला जागचा हलत नाही. गाठीचं उरलेलं शेपूट चिमटीत ताणून धरा आणि एकाच दाबात कापा. कुरतडत बसू नका. लांब तुकडा कापायचा असेल तर दोरा पात्यांच्या मुळाशी, स्क्रूजवळ घ्या. तिथे जोर जास्त बसतो. गाठीपाशी मात्र टोकच वापरावं लागतं, आणि तिथे मुख्य दोरा पात्यात येणार नाही म्हणून त्याच्यावर बोट ठेवा. एफजी नॉट (ब्रेडला लीडर जोडायची गाठ) वीस मिनिटं खपून बांधायचा आणि शेपटाऐवजी मुख्य दोराच कापायचा, हा पराक्रम माझ्या नावावर आहे.

डावखुऱ्यांसाठी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. नेहमीची कात्री उजव्या हाताची असते. उजव्या हाताच्या नैसर्गिक दाबाने तिची पात्यं एकमेकांवर आवळली जातात, डाव्या हातात तीच पात्यं फाकतात. तेव्हा डावखुऱ्यांनी डाव्या हाताची कात्री शोधावी किंवा सरळ चिमटा कात्री घ्यावी.

लायटर

पिंजलेलं टोक लायटरने भाजून गोळी करायची सवय बऱ्याच जणांना असते. गाठ बांधून झाल्यावर शेपटाच्या टोकाला गोळी केली तर हरकत नाही, शेपूट आत सरकत नाही. पण हा धागा 150 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, नायलॉनला त्यासाठी 200 च्या वर जावं लागतं. वितळण्याच्या बरंच आधी त्याची ताकद उतरायला लागते. वाऱ्यात ज्योत जराशी हलली आणि मुख्य दोऱ्याला शेक बसला तर वरून काही कळत नाही, मासा लागल्यावर कळतं. शिवाय ती गोळी बारीक डोळ्यातून जात नाही, म्हणजे ओवण्यासाठी तिचा उपयोग शून्य.

दातांनी ब्रेड तोडू नका, दाताचा टवका उडतो. चाकूने कापताना दोरा पात्यावरून घसरतो आणि चाकू आपल्याच हाताकडे येतो. तो फक्त अडीअडचणीला, आणि तेव्हाही पातं अंगापासून लांब जाईल असं.

एकाच पकडीने सगळं कापणं

फिशिंग पकडीच्या बाजूला कटर असतो. तो नवा असताना ब्रेड बरा कापतो. मग कुणीतरी त्याच कटरने गळ तोडतं, स्टीलची तार तोडतं. कडेला एक खाच पडते, आणि त्या खाचेत ब्रेड बरोबर जाऊन बसतो. तारेला पकड आणि ब्रेडला कात्री, असे दोन संसार वेगळेच ठेवा.

खारं पाणी 'स्टेनलेस' या शब्दाला भीक घालत नाही. टिकाऊ धारेसाठी कडक केलेलं स्टेनलेस ताटवाट्यांच्या स्टीलपेक्षा लवकर गंजतं. घरी आल्यावर कात्री उघडून गोड्या पाण्याखाली धरायची, पुसून सुकवायची आणि स्क्रूवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल नको, ते पुढे चिकट होतं. आणि कात्री बॅगेला दोरीने बांधून ठेवा. खडकांच्या फटीत पडलेली कात्री मला अजून एकही परत मिळालेली नाही.

दुकानात जाताना खिशात आपल्याच रीळवरचा हातभर ब्रेड न्यायचा. आधी ताणून पात्याच्या टोकाने कापून बघायचा, मग मुद्दाम सैल सोडून. सैल दोराही एका दाबात कापला आणि टोक पिंजलं नाही, तर भाव करायला लागा. दुकानदार वर्तमानपत्राचा कागद कापून दाखवेल. बघून मान डोलवायची आणि खिशातला ब्रेड काढायचा. कापलेले तुकडे मात्र तिथे टाकू नका, खडकावर तर मुळीच नाही. हा धागा पाण्यापेक्षा हलका असतो, तरंगत राहतो आणि पक्ष्यांच्या पायात गुंततो. मी रिकाम्या बाटलीत भरून घरी आणतो. पूर्वी शर्टाच्या खिशात टाकायचो. मग एकदा वॉशिंग मशीन अडकलं आणि मेकॅनिकने आतून जो गुंता काढला, तो अजून घरात मला दाखवला जातो.