क्रूझवर नोकरी करताना मद्याचा हिशोब कसा ठेवावा

रत्नागिरी, गुहागर, दापोली, मालवण, वेंगुर्ले या पट्ट्यातला मुलगा पहिल्यांदा क्रूझ जहाजावर निघतो, तेव्हा त्याला सांगणारे पुष्कळ भेटतात. कपडे किती घ्यावेत, पैसे घरी कसे पाठवावेत, सीडीसी (खलाशाचे नोंदपुस्तक) आणि पासपोर्ट कुठल्या पिशवीत ठेवावा, हे सगळे त्याला दहा जणांकडून कळते. मद्याविषयी मात्र कोणी बोलत नाही, कारण घरच्यांना तो विषय काढणेच नको वाटते आणि मित्रांना त्यात सांगण्यासारखे काही दिसत नाही. मी बारा वर्षे क्रूझवर काम केले. कामातल्या चुकीमुळे मध्येच घरी पाठवलेली माणसे त्या काळात मी थोडी पाहिली. श्वासचाचणीत अडकून परतलेली त्याहून जास्त पाहिली. त्यांतली बहुतेक व्यसनी नव्हती. त्यांचा तासांचा हिशोब चुकला होता, आणि तो हिशोब त्यांना कोणी शिकवलेला नव्हता. म्हणून तो येथे सविस्तर मांडत आहे.

प्रथम नियम नीट समजून घ्यावा. खलाशांच्या प्रशिक्षणाविषयीच्या ज्या एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय कराराखाली तुम्ही बेसिक सेफ्टीचे कोर्स करता, त्यात २०१० मध्ये मनिला येथे दुरुस्त्या झाल्या आणि त्या १ जानेवारी २०१२ पासून लागू झाल्या. त्यानुसार सुरक्षा, संरक्षण आणि सागरी पर्यावरण यांच्याशी संबंधित नेमून दिलेले काम करताना खलाशाच्या रक्तात ०.०५ टक्क्यांपेक्षा, किंवा श्वासात लिटरमागे ०.२५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असता कामा नये. ही वरची मर्यादा आहे. अमेरिकेच्या कोस्ट गार्डचा व्यापारी जहाजांसाठीचा आकडा ०.०४ टक्के असून, मद्य घेतल्यापासून चार तासांच्या आत ठरलेल्या कामावर उभे राहण्यासही तेथे मनाई आहे. कंपनीचे स्वतःचे धोरण याहून कडक असू शकते, काही कंपन्या तर शून्याचाच आग्रह धरतात. साइन ऑनच्या, म्हणजे जहाजावर रुजू होण्याच्या, दिवशी सह्यांसाठी कागदांचा जो गठ्ठा पुढे येतो, त्यात हे धोरण असते. प्रवासाने अंग आंबलेले असले तरी ते एक पान वाचूनच सही करावी आणि त्यातला आकडा वहीत उतरवून घ्यावा.

आता कोणी विचारेल की मी जेवण वाढतो किंवा केबिन साफ करतो, माझा सुरक्षेशी काय संबंध? संबंध पूर्ण आहे. प्रवासी जहाजावर प्रत्येक कर्मचाऱ्याला आणीबाणीतले एक काम नेमून दिलेले असते, आणि ते तुमच्या कार्डावर क्रमांकासह लिहिलेले असते. कोणी जिन्यापाशी उभे राहून प्रवाशांना मस्टर स्टेशनकडे, म्हणजे आणीबाणीत जमायच्या जागेकडे, वळवायचे असते, कोणी केबिन तपासायच्या असतात, कोणी लाइफबोटीत माणसे बसवायची असतात. सात आखूड आणि एक लांब भोंगा वाजला की वेटर वेटर राहत नाही. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळली, तेव्हा जहाजावर चार हजारांहून अधिक माणसे होती आणि ३२ जणांचा जीव गेला. त्या रात्री प्रवाशांना बोटींत बसवणाऱ्यांत स्वयंपाकघरातली आणि केबिनची कामे करणारी माणसेही होती. अशी वेळ कोणाची ड्यूटी चालू आहे हे पाहून येत नाही. म्हणून जहाजावर ड्यूटी संपते ती कामाची. नेमून दिलेल्या आणीबाणीच्या कामासाठी शुद्धीत असण्याची जबाबदारी गँगवे, म्हणजे जहाजाचा जिना, उतरून घरी निघेपर्यंत संपत नाही.

बंदरातही तेच. जहाज धक्क्याला लागले तरी ठरावीक कर्मचाऱ्यांना जहाजावर थांबावेच लागते. त्याला इन पोर्ट मॅनिंग म्हणतात, आणि बोलण्यात सगळे आयपीएम म्हणतात. तुमच्या नावापुढे आयपीएम असलेल्या दिवशी एक घोटही घेऊ नये. कोणाशी आयपीएम बदलून घेतले असेल तर आदल्या रात्रीपासूनच ते आपले समजावे.

हिशोबाकडे वळतो, कारण खरी चूक येथेच होते.

मद्य किती घेतले हे आपण पेगात किंवा बाटल्यांत मोजतो; शरीर मात्र ते ग्रॅममध्ये मोजते. पेयाचे मिलिलिटर, त्यातले अल्कोहोलचे प्रमाण (५ टक्के असेल तर ०.०५) आणि ०.७९ यांचा गुणाकार केला की ग्रॅम मिळतात. ३३० मिलिलिटरच्या ५ टक्के बिअरच्या एका कॅनमध्ये साधारण १३ ग्रॅम अल्कोहोल असते. आपल्याकडे मिळणाऱ्या ६५० मिलिलिटरच्या ८ टक्के स्ट्राँग बिअरच्या एका बाटलीत ४१ ग्रॅम असते, म्हणजे ती एकच बाटली तीन कॅनच्या बरोबरीची झाली. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या किंवा रमच्या क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलिलिटरमध्ये, जवळजवळ ६१ ग्रॅम असते.

या ग्रॅमना शरीराच्या वजनाने भागावे, पुन्हा पुरुषासाठी ०.६८ ने आणि स्त्रीसाठी ०.५५ ने भागावे, आणि येणाऱ्या उत्तराला दहाने भागावे, की रक्तातल्या टक्क्याचा अंदाज मिळतो. ६५ किलोच्या पुरुषाने दोन कॅन भरभर घेतले तर उत्तर ०.०५९ येते. म्हणजे दोनच कॅनमध्ये तो ०.०५ ची रेषा ओलांडू शकतो. ५५ किलोच्या स्त्रीने तेच दोन कॅन घेतले तर आकडा ०.०८६ होतो. सोबतच्या पुरुषाइतके घेतले म्हणजे आपणही त्याच्याएवढेच सुरक्षित आहोत, असे जहाजावर काम करणाऱ्या आपल्या मुलींनी म्हणूनच समजू नये.

रक्तातले हे प्रमाण तासाला साधारण ०.०१५ ने उतरते. काहींचे ०.०१० नेच उतरते, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे चाचणी होईपर्यंत कोणालाच ठाऊक नसते. कडक कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ, उलटी करणे, घाम काढणे, यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. जेवून प्यायल्याने आकडा कमी चढतो एवढाच फरक. वरचाच ६५ किलोचा माणूस रात्री अकराला बसला आणि त्याने एक क्वार्टर संपवली, तर त्याचा आकडा ०.१३७ च्या आसपास धरावा. सकाळी सहाला, सात तासांनंतर, तो ०.०३२ वर असेल. कागदावर तो सुटला. पण शरीर सावकाश पचवणारे असेल तर त्याच वेळी तो ०.०६७ वर असेल, आणि कंपनीचा आकडा शून्य असेल तर दोन्ही हिशोबांत तो अडकला. म्हणून माझा सल्ला असा की नेहमी सावकाश गटाचाच, ०.०१० चा, हिशोब धरावा आणि ड्यूटीवर उभे राहताना उत्तर शून्य येईल असेच पाहावे.

झोपेने हा हिशोब पुसला जातो, हा समज सर्वांत घातक आहे. नियमाप्रमाणे २४ तासांत किमान १० तासांची विश्रांती मिळालीच पाहिजे, पण ती दोन भागांत तोडता येते आणि त्यांतला एक भाग किमान सहा तासांचा असावा लागतो. म्हणजे रात्रीची सलग विश्रांती कधीकधी सहाच तासांची असते. तेवढ्या वेळात सावकाश गटातल्या माणसाचे जेमतेम ०.०६ उतरते.

एक सकाळ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. खालच्या डेकवरच्या त्या लांब पॅसेजमध्ये, ज्याला अनेक जहाजांवर आय-नाइन्टीफाइव्ह म्हणतात, पावणेसहाला सिक्युरिटीचे दोघे यंत्र घेऊन उभे होते. माझ्या केबिनमधला मुलगा ब्रेकफास्टच्या ड्यूटीला निघाला होता. इस्त्रीचा शर्ट, ओले विंचरलेले केस, तोंडाला टूथपेस्टचा वास. रात्री त्याने पाच कॅन घेतले होते आणि दोनला तो झोपला होता. त्याने फुंकर मारली, पडद्यावर ०.०५८ आले. पंधरा मिनिटे त्याला खुर्चीवर बसवले, पाणीही दिले नाही, आणि पुन्हा चाचणी घेतली. ०.०५५. तो मला मराठीत एवढेच म्हणाला, "अरे, मी तर झोपून उठलोय ना." पुढच्या बंदरावर तो उतरला. गावी त्याच्या घराच्या चौथऱ्याचे काम सुरू झाले होते.

क्रू बारमध्ये मद्य स्वस्त असते, आणि दहा-अकरा तास राबल्यावर तेथे मिळणारी सोबत खरी असते; तेथे जाऊच नका असे मी म्हणणार नाही. बसण्यापूर्वी उद्याची ड्यूटी किती वाजता आहे ते पाहावे, तेथून मागे तास मोजावेत आणि आज आपल्याला किती परवडते ते पहिला घोट घेण्याआधी ठरवावे, कारण दुसऱ्या कॅननंतर केलेला हिशोब नेहमी आपल्या सोयीचा येतो. आळीपाळीने सगळ्यांसाठी मागवण्याच्या रीतीत सामील होऊ नये. पाच जणांच्या टोळक्यात त्या रीतीने पाच पेये गळ्यात पडतात. आपले आपण मागवावे आणि आपले आपण थांबावे. ड्रिलच्या आदल्या रात्री तर विशेष जपावे; प्रवासी जहाजावर आग विझवण्याची आणि जहाज सोडण्याची ड्रिल दर आठवड्याला होते, तेव्हा ती कधी आहे हे माहीत नव्हते, ही सबब टिकत नाही.

केबिनमध्ये हार्ड लिकर ठेवू नये. गावाहून निघताना बॅगेत फेणीची बाटली किंवा उर्राक नेऊ नये, मग ती साहेबाला भेट म्हणून का असेना. प्रवाशाने देऊ केलेले पेय हसून नाकारावे आणि प्रवाशाच्या ग्लासात उरलेले तोंडाला लावण्याचा विचारही करू नये. तसे करणे चोरीप्रमाणे धरले जाते. घरच्यांसाठी बाटली न्यायची असेल तर ती परतताना मुंबई विमानतळावरच्या ड्यूटी फ्रीमधून घ्यावी. भारतात येताना दोन लिटरपर्यंत सूट असते.

बंदरात उतरल्यावर गावाकडच्या पेगाचे माप विसरावे. जमैकात पांढरी ओव्हरप्रूफ रम ६३ टक्क्यांची असते. तिचा ३० मिलिलिटरचा एक घोट आपल्या नेहमीच्या दीड पेगाएवढा होतो, आणि किनाऱ्यावरचा बारवाला ३० मिलिलिटर मोजून ओतत नाही. दुबईसारख्या बंदरात सार्वजनिक ठिकाणी नशेत सापडणे हा गुन्हा आहे, आणि तेथे प्रकरण कंपनीच्या हातात राहत नाही.

न पिणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडची आसवे आणि अरिष्टे, म्हणजे द्राक्षासव, कुमारी आसव, दशमूलारिष्ट, ही आंबवून केलेली असतात आणि त्यांत अल्कोहोल असते. काही खोकल्याची औषधे आणि माउथवॉश यांतही ते असते. आईने प्रेमाने बांधून दिलेली बाटली चाचणीच्या आधी घेतली, तर तोंडात राहिलेल्या अंशामुळे यंत्र आकडा दाखवू शकते. हा तोंडातला अंश पंधरा-वीस मिनिटांत जातो, म्हणून चाचणीपूर्वी काही घेतले असल्यास तसे आधीच स्पष्ट सांगावे आणि थांबून पुन्हा चाचणी मागावी. कोणतेही औषध नेताना डॉक्टरची चिठ्ठी सोबत ठेवावी आणि जहाजावरच्या वैद्यकीय कक्षात त्याची नोंद करावी.

चाचणीला बोलावले तर नकार देऊ नये. नकार हा दोषी ठरल्याप्रमाणेच धरला जातो. दोन्ही वेळचे आकडे आणि वेळा फॉर्मवर स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात. रिकाम्या रकान्यांखाली सही करू नये. इंग्रजीत लिहिलेले समजले नाही तर समजावून सांगण्याची विनंती करावी, आपले म्हणणे दोन ओळींत का होईना लिहावे आणि प्रत मागून घ्यावी. अपघात झाल्यास मद्याचा संबंध आणखी महाग पडतो : खलाशाच्या गंभीर कसुरीमुळे त्याला परत पाठवावे लागले तर तिकिटाचा खर्च त्याच्याकडून वसूल करण्याची, आणि जाणूनबुजून केलेल्या गैरवर्तनातून झालेल्या दुखापतीची जबाबदारी नाकारण्याची वाट एमएलसी २००६ या खलाशांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात जहाजाच्या मालकाला मोकळी ठेवलेली आहे. वागणूक अन्यायाची झाली असे वाटल्यास याच करारात जहाजावरच तक्रार करण्याची पद्धत आहे, आणि तक्रार मांडताना सोबत कोणाला तरी नेण्याचा हक्कही आहे.

शेवटी सुट्टीविषयी. आठ महिने बाहेर काढून माणूस गणपतीला किंवा शिमग्याला घरी येतो, हातात पैसे असतात, आणि दोन महिने रोज संध्याकाळी कोणी ना कोणी बोलावते. निघण्याच्या आदल्या रात्री निरोपाची पार्टी होते, तेथून रात्रीची गाडी, मग विमानातले मद्य, आणि गँगवेवर साइन ऑन करतानाच चाचणी. निघण्यापूर्वीचे दोन दिवस कोरडे ठेवावेत. मात्र सुट्टीत रोज भरपूर पिण्याची सवय लागली असेल तर ती एका दिवसात तोडू नये. अशा माणसाला अचानक थांबल्यावर हातापायांना कंप सुटणे, घाम फुटणे, भास होणे, फिट येणे असे प्रकार होऊ शकतात, आणि फिट जिवावर बेतू शकते. निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरकडे जाऊन खरे प्रमाण सांगावे आणि त्यांच्या देखरेखीखाली थांबावे. पुण्याचे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करत आहे, आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठका महाराष्ट्रात मराठीतही होतात. जहाजावर असताना त्रास जाणवला तर कोणी पकडण्याआधी आपणहून जहाजाच्या डॉक्टरांना सांगावे. खलाशांसाठी सीफेररहेल्प ही चोवीस तास चालणारी मोफत सेवा आहे. तिचा क्रमांक निघण्यापूर्वीच फोनमध्ये साठवून ठेवावा आणि घरी आई, बायको किंवा भाऊ यांपैकी एकाला लिहून द्यावा.