केळीच्या फॉर्म्युल्याने कापसाचं टिश्यू कल्चर करताय? या चुका टाळा

जळगाव-रावेरकडे टिश्यू कल्चर (झाडाच्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवणं) म्हटलं की ग्रँड नैन केळीच, त्यामुळे इथल्या लॅबमध्ये शिकलेली पोरं कापसालाही तीच रेसिपी लावतात, आणि बाटल्या काळ्या पडल्या की मीडियाला (बाटलीतल्या खाद्याला) दोष देतात.

पहिली चूक व्हरायटीची. दुकानातलं हायब्रिडचं पाकीट फोडून सुरुवात करू नका. जगभर लॅबवाले अजून कोकर 312 या कापसाच्या जातीवरच हात बसवतात कारण ती रोप देते, आपल्या बऱ्याच जाती कॅलस (तुकड्यावर येणारा पेशींचा गोळा) भरपूर देतात पण पुढे काहीच नाही.

सरकीवरची लव तशीच ठेवून वरवर धुतली तर बुरशी येणारच. आधी ॲसिडने डिलिंट करा, म्हणजे लव काढा (नंतर सरकी भरपूर पाण्यात ओतायची, ॲसिडवर पाणी ओतायचं नाही, प्लीज), मग निर्जंतुक करून उगवा आणि साधारण 7 दिवसांच्या रोपाच्या हायपोकोटिलचे (बीजपत्रांखालच्या देठाचे) 5-7 मिमीचे तुकडे घ्या.

काळं पडणं हा कापसाचा खरा त्रास, कापलेल्या जागेतून फिनॉल सुटतात. इथे केळीच्या मीडियातली नेहमीची साखर नको, लिटरला 30 ग्रॅम ग्लुकोज घाला, एमएस (मुराशिगे-स्कूग) मीडियाच्या क्षारांसोबत गॅमबोर्गच्या बी5 मीडियाची व्हिटॅमिनं, आणि वाढ-संप्रेरकं म्हणून 2,4-डी 0.1 आणि कायनेटिन 0.5 मिलिग्रॅम, एवढ्यावर सुरुवात होते. कॅलस येत नाही म्हणून 2,4-डी वाढवत बसू नका.

आता सगळ्यात जास्त नुकसान कुठे होतं सांगतो. हिरवागार, टणक, मोठा कॅलस बघून लोक खूश होतात आणि तोच पुढे नेतात. कामाचा कॅलस दिसायला साधा असतो, फिकट पिवळा, रवाळ, चिमट्याने टोचला की भुसभुशीत सुटतो, आणि तो यायला कित्येक महिने लागतात, तोवर दर 3-4 आठवड्यांनी सबकल्चर (ताज्या मीडियावर हलवणं) करत निवड करत राहायचं. मग अमोनियम नायट्रेट काढून पोटॅशियम नायट्रेट दुप्पट केलं की भ्रूण (ज्यांची पुढे रोपं होतात) सुटायला लागतात.

मे महिन्यात लाइट गेली, एसी बंद पडला की ग्रोथ रूम 28 अंशांवर राहत नाही, बाटलीत वाफ धरते आणि रोपं काचेसारखी पारदर्शक होतात. जनरेटरची सोय आधी बघा. हार्डनिंग (बाटलीतलं रोप बाहेरच्या हवेला सवय लावणं) तर उन्हाळ्यात करूच नका, पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा कोकोपीटमध्ये काढा, आणि मुळं धरत नसतील तर रोप फेकू नका, सरकीच्या कोवळ्या रोपावर कलम करून बघा, बरीच वाचतात.