सेकंडहँड गाडीचा हीटर कोमट? या चुका टाळा

आपल्याकडे गाडीतला हीटर म्हणजे लग्नात आलेला डिनर सेट. वर्षभर कुणी हात लावत नाही. डिसेंबरात निफाडकडे पारा घसरतो, पहाटे काच धुरकटते, तेव्हा कुठे त्याची आठवण होते. आणि मग फोन येतो, "हीटरची कॉइल बदलू का?"

थांबा जरा. इंजिनाची उष्णता घेतलेलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, डॅशबोर्डामागच्या एका छोट्या रेडिएटरमधून (हीच ती कॉइल) फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. हीटर म्हणजे एवढंच. त्यामुळे हवा कोमट येत असेल तर दोष बहुतेक वेळा बॉनेटखाली असतो. डॅशबोर्डाला सगळ्यात शेवटी हात लावायचा. हे मी अक्कलखाती रक्कम जमा करून शिकलोय.

माझी पहिली जुनी हॅचबॅक घेताना विकणारा म्हणाला होता, "साहेब, कसारा घाट चढवा, तापमानाचा काटा वर जाणार नाही." खरंच जायचा नाही. मी खूश. हिवाळ्यात पहाटे नाशिकहून निघालो, तर सिग्नलला उभं असताना जरा ऊब यायची आणि हायवेला लागलं की पाय गारठायचे. मी निदान केलं, कॉइल चोक. गॅरेजवाल्यानेही मान डोलावली. डॅशबोर्ड उतरवला, दोन दिवस गेले, नवी कॉइल बसली. फरक शून्य. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, "शेठ, हायवेला काटा खाली पडतो का?" पडत होता. त्यांनी थर्मोस्टॅटच्या हाउसिंगचे (तो बसतो त्या डबीचे) दोन बोल्ट काढून मला आत बघायला लावलं. आत थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, नव्हताच! कुणीतरी कधीच काढून फेकला होता. नवा बसवला आणि दुसऱ्या दिवशी स्वेटर काढावा लागला. डॅशबोर्ड मात्र त्या दिवसापासून खडखडतोय.

"आपल्या गरम हवेत थर्मोस्टॅट कशाला?" ही थाप मी इतक्या गॅरेजांत ऐकलीय की आता वादही घालत नाही. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला की गाडी तापते. तो काढला की तापणं थांबतं, गिऱ्हाईक खूश, नवा आणायचा कंटाळा. पण इंजिनाला काम करायला ऊब लागते. बहुतेक थर्मोस्टॅट 82 ते 88 अंशांच्या आसपास उघडायला लागतात, तोवर पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाहीत. तो नसेल तर वाऱ्यावर इंजिन गारच राहतं, ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं गाडी आत्ताच सुरू झालीय, तो जास्त पेट्रोल पाजतो, आणि ॲव्हरेज का पडलं म्हणून तुम्ही प्लग बदलत बसता. काही इंजिनांत तर बायपासची वाट उघडी राहते, थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत फिरतं आणि भर घाटात गाडी उलट तापते. तेव्हा "कधीच तापत नाही" असं कुणी म्हणालं की मी आता हाउसिंग उघडून बघतो. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यात पाणी उकळून त्यात सोडतो. उघडताना डोळ्यांनी दिसला तरच बसवतो. घरच्यांना ते पातेलं परत चालत नाही, वेगळं ठेवा.

दुसरा माझा लाडका शत्रू म्हणजे हळद. रेडिएटर झिरपतोय, टाक दोन चमचे हळद. भोक बुजतं, हे खरं. रस्त्यात अडकल्यावर घरी पोचण्यापुरतं ठीक, पण लोक तशीच वर्षभर गाडी चालवतात. हळदीला भोक कुठलं आणि हीटरची बारीक नळी कुठली, हे कळत नाही. त्यात वरून बोअरचं पाणी, म्हणजे गीझरच्या कॉइलवर बसतो तोच पांढरा थर आत. अशा गाडीच्या हीटरचे दोन्ही होस (कॉइलमध्ये पाणी नेणारा आणि परत आणणारा रबरी पाइप) काढून मी बाहेर जाणाऱ्या बाजूने, कमी दाबाने, बागेच्या नळीचं पाणी उलटं सोडतो. पिवळा गाळ येतो, कढी सांडल्यासारखा. पाणी नितळ येईपर्यंत सोडायचं. घाई असेल त्याने हे काम करूच नये. जोर लावला की जुनी कॉइल फुटते. नंतर रेडीमिक्स कूलंट, नाहीतर डिस्टिल्ड पाण्यात कालवलेलं. हिरव्यात लाल मिसळू नका. सांडलेलं लगेच धुवा, चवीला गोड असतं पण विषारी, गल्लीतली कुत्री चाटतात.

काहीही सुटं करण्याआधी इंजिन गरम असताना हीटरचे दोन्ही होस जपून चाचपायचे, फॅन आणि बेल्टपासून हात लांब ठेवून. दोन्ही कडक गरम असतील तर दोष डॅशबोर्डातल्या गरम-गार हवा वळवणाऱ्या झडपेचा किंवा तिच्या केबलचा. एक गरम, एक गार, तर कॉइल चोक किंवा हीटरचा व्हॉल्व्ह बंद. दोन्ही कोमट असतील तर थर्मोस्टॅट किंवा कमी कूलंट. उभ्या गाडीत गार आणि रेस केल्यावर गरम, तर हवा अडकलीय किंवा पंप थकलाय.

कूलंटची जादा बाटली भरलेली दिसते म्हणजे रेडिएटर भरलेला आहे असं नाही. झाकणाचं रबर गेलं की बाटलीतलं पाणी परत ओढलंच जात नाही. इंजिन गार असताना झाकण काढून आत बघा. गरम झाकण उघडणाऱ्याला मी काही समजावत नाही, एकदा वाफ लागली की पुरे.

रेडिएटरचा फॅन डायरेक्ट, म्हणजे सेन्सरला वगळून थेट जोडून, घेऊ नका. सेन्सर बदला.

डावीकडचं मॅट ओलं असेल तर आधी बोट लावून बघा. साधं पाणी असेल तर एसीचा ड्रेन तुंबलाय. चिकट, गोडसर वास आणि काचेवर तेलकट धूसर थर, तर कॉइल गळतेय. ती बदलायची सोडून काही जण दोन्ही होस एकमेकांना जोडून टाकतात. गाडी घेतानाच फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी) असा जोड दिसतो का बघा आणि दिसला तर डॅशबोर्ड उतरवायची मजुरी किमतीतून कापून घ्या.

कूलंट भरल्यावर हवा काढायला मी गाडी चढावर, नाक वर करून लावतो. इंजिन गार असताना झाकण काढायचं, हीटर फुल गरमवर ठेवायचा, मग स्टार्ट. वरचा होस अधूनमधून दाबत राहायचं, बुडबुडे येतात, पातळी उतरते, पुन्हा भरायचं. फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत मी तिथून हलत नाही. चहा तिथेच मागवतो.