पंप फिरतोय, पण रीएजंट जातंय का?

"मॅडम, आजचा ब्लँक एकदम मस्त आलाय!" ज्युनिअरने आनंदाने सांगितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. टीओसी मशीन पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजतं, आणि ब्लँक म्हणजे नुसतं शुद्ध पाणी लावल्यावर येणारा आकडा. आमचा ब्लँक रोज थोडासा यायचाच, कारण कार्बन जाळायला लागणाऱ्या परसल्फेटच्या पावडरमध्येच जरासा कार्बन असतो. तो एकाएकी शून्याला टेकला, याचा अर्थ परसल्फेट जायचं थांबलं होतं. पंप फिरत होता, स्क्रीनवर एकही अलार्म नव्हता. पंपाचे रोलर जी ट्यूब दाबून द्रावण पुढे ढकलतात, ती मात्र चपटी होऊन आतून चिकटली होती.

पाण्यातला सेंद्रिय कार्बन ओल्या पद्धतीने मोजताना मशीन दोन द्रावणं, म्हणजे रीएजंट, घालतं. आधी फॉस्फोरिक ॲसिड. त्याने पीएच २ च्या खाली येतो, पाण्यातल्या बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि वायूचे बुडबुडे सोडून तो हाकलला जातो. मग सोडियम परसल्फेट. यूव्ही दिवा किंवा उष्णता यांच्या जोडीने ते उरलेल्या सेंद्रिय कार्बनचा कार्बन डायऑक्साइड करतं आणि डिटेक्टर तो मोजतो. ॲसिड कमी पडलं की आकडा खोटा वाढतो, परसल्फेट कमी पडलं की खोटा घटतो. दोन्ही कमी पडली तर एक चूक दुसरीला झाकते.

फरक किती पडेल? बोअरच्या पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेटमुळे येणारी आम्ल जिरवायची ताकद, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात ३०० मिग्रॅ प्रतिलिटर धरा. त्यात जवळपास ७२ मिग्रॅ असेंद्रिय कार्बन, म्हणजे बायकार्बोनेटमधला कार्बन, असतो. त्यातला पाच टक्के जरी मागे राहिला, तरी ३.६ मिग्रॅ फुकटचे चढले. त्या पाण्यातला खरा सेंद्रिय कार्बन कदाचित एखादाच मिग्रॅ असेल.

पहिली पायरी अगदी घरगुती आहे. सकाळी रीएजंटच्या बाटल्या वजन करून लावा, संध्याकाळी पुन्हा वजन करा. एका नमुन्याला किती मिली जायला हवं ते मशीनच्या सेटिंगमध्ये असतं, त्याला नमुन्यांच्या संख्येने गुणा. फक्त एक लक्षात ठेवा, २० टक्के फॉस्फोरिक ॲसिडचा एक मिली साधारण १.११ ग्रॅम भरतो. ग्रॅमला सरळ मिली समजलात तर ॲसिड जास्त गेल्याचा भास होईल.

दुसरी पायरी बुडबुड्याची. हातमोजे आणि चष्मा घाला. चालू पंपावर रीएजंटची नळी क्षणभर द्रावणाबाहेर काढा आणि परत बुडवा. आत शिरलेला हवेचा बुडबुडा नळीतून पुढे सरकताना दिसतो. नळीचा आतला व्यास ०.८ मिमी आणि प्रवाह मिनिटाला ०.५ मिली असेल, तर तो मिनिटाला साधारण एक मीटर जायला हवा, म्हणजे १० सेंटीमीटरला सहा सेकंद. जागच्या जागी थरथरत असेल तर ट्यूब गेली. शंका असेल तर मिश्रणाच्या जोडावर नळी सोडवून वीस मिनिटं छोट्या मोजपात्रात द्रावण धरा. या सेटिंगला १० मिली जमायला हवं. एका मिलीहून जास्त फरक दिसला की मी ट्यूब बदलते, वाद घालत बसत नाही. नळीतला प्रवाह बघायला रंग मात्र टाकू नका, बहुतेक रंग म्हणजे सेंद्रिय कार्बनच.

इथे बरेच जण फसतात ते वेस्टच्या कॅनमध्ये पीएच पट्टी बुडवून. परसल्फेट फुटलं की स्वतःच आम्ल तयार होतं, त्यामुळे ॲसिडची बाटली रिकामी असली तरी वेस्ट आम्लीच दाखवेल. पीएच बघायचा तो ॲसिड मिसळल्यानंतर आणि परसल्फेट येण्याआधी.

एवढं करूनही द्रावण गेलं एवढंच कळतं, त्याने काम केलं का ते स्टँडर्डच, म्हणजे कार्बन किती ते आधीच माहीत असलेली द्रावणं, सांगतात. ॲसिडसाठी कार्बोनेटचं स्टँडर्ड: ४.४१२ ग्रॅम सोडियम कार्बोनेट आणि ३.४९७ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट एक लिटरमध्ये, म्हणजे १००० मिग्रॅ असेंद्रिय कार्बन. ते विरळ करून, आपल्या नमुन्यांइतका असेंद्रिय कार्बन ठेवून लावा. सगळा उडून जाऊन आकडा ब्लँकइतकाच आला पाहिजे.

परसल्फेटसाठी केएचपी, म्हणजे पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट. वाळवलेलं २.१२५ ग्रॅम एक लिटरमध्ये घातलं की १००० मिग्रॅ सेंद्रिय कार्बन मिळतो. तेही विरळ करूनच लावायचं. औषध कंपन्यांत याच कामाला साखर आणि बेंझोक्विनोन वापरतात: लिटरला १.१९ मिग्रॅ सुक्रोज आणि ०.७५ मिग्रॅ बेंझोक्विनोन, दोन्हीत कार्बन अर्धा मिग्रॅ. साखर सहज जळते, बेंझोक्विनोन हट्टी. दुसऱ्याचा प्रतिसाद पहिल्याच्या ८५ ते ११५ टक्क्यांत बसला की मशीन पास. मला ही जोडी फार आवडते, कारण अशक्त ऑक्सिडायझर (इथे परसल्फेट) साखरेवर वेळ मारून नेतो आणि बेंझोक्विनोनवर उघडा पडतो.

खाडीचं किंवा मचूळ पाणी असेल तर हे सगळं पास होऊनही आकडा कमी येऊ शकतो. क्लोराइड लिटरला ५०० मिग्रॅच्या वर गेलं की परसल्फेट त्याच्यावरच खर्ची पडायला लागतं. अशा वेळी नमुन्यातच मोजून केएचपी घाला आणि तेवढीच वाढ दिसते का पाहा. दिसली नाही तर नमुना विरळ करा किंवा परसल्फेट वाढवा.

परसल्फेटला जपून हाताळा. ब्यूटी पार्लरमधल्या केस ब्लीच करायच्या पावडरीत याच कुळातले क्षार असतात, आणि त्यांची पूड श्वासात जाऊन काहींना दमा होतो. सांडलं तर टिश्यूपेपरने गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, भरपूर पाण्याने धुवा. द्रावणाच्या बाटलीचं झाकण घट्ट लावू नका, आत हळूहळू ऑक्सिजन सुटत असतो.

आणि चूक सापडलीच, तर शेवटचं स्टँडर्ड कधी पास झालं होतं ते रजिस्टरमध्ये शोधा. त्यानंतरचे सगळे आकडे रद्द. आम्ही त्या दिवशी ट्यूब बदलली आणि आदल्या संध्याकाळपासूनचे नमुने पुन्हा लावले. ज्युनिअरचं तोंड उतरलं होतं. ब्लँक परत आपल्या नेहमीच्या मळक्या आकड्यावर आला, तेव्हा कुठे मी चहा घ्यायला गेले.