जुन्या गाडीचे ब्रेक बदलताय? या चुका टाळा

सगळ्यात महागडी चूक म्हणजे अर्धवट अपग्रेड. चारही चाकांना ड्रम ब्रेक (डबीत आतून शू दाबणारे) असलेल्या जुन्या अँबॅसिडरला पुढे डिस्क (दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात ती थाळी) बसवायची हौस अनेकांना येते. नंतरच्या इसुझू इंजिनच्या अँबॅसिडरचं सामान भंगारात मिळतंही. पण आणताना फक्त डिस्क आणि पॅड दाबणारा कॅलिपर उचलतात. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा) आणि बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा) तिथेच राहतो, कारण 'तो चालतोय की आपला जुना'.

कोल्हापुरातल्या एका पोराने नेमकं हेच केलं. गावात ब्रेक झकास लागत होता, चौकात मित्रांना दाखवूनही झाला. मग स्वारी आंबा घाट उतरून साखरप्याकडे निघाली. अर्ध्या घाटात पुढून जळका वास यायला लागला आणि पुढच्या वळणाला पेडल थेट फ्लोअरला. हँडब्रेक आणि पहिला गिअर यांच्या जिवावर गाडी डोंगराच्या बाजूला घासून थांबली. गंमत म्हणजे अर्ध्या तासाने पेडल पुन्हा कडक! पोरगा मला फोनवर सांगतो, "काका, लाइनमध्ये एअर (हवा) आली असेल, आता ठीक आहे." म्हटलं, तिथून हलू नकोस, टोइंग बोलाव.

गाडी आल्यावर पुढचं चाक जॅकवर घेतलं. हाताने फिरेना. कॅलिपरचा निपल (एअर आणि ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) पाव आटा सैल केला, ब्रेक ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं. ड्रमसाठी बनवलेल्या बऱ्याच जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो लाइनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवतो. ड्रमला ते चालतं, कारण शू मागे ओढायला आत दणकट स्प्रिंग असतात. डिस्कला तशी स्प्रिंग नाही. पॅड दिवसभर घासत राहतात, कॅलिपर तापतो, ऑइल उकळतं, वाफ होते आणि पेडल वाफ दाबत बसतं. थंड झालं की वाफेचं पुन्हा ऑइल, म्हणून 'आता ठीक आहे'.

शिवाय ड्रममधला पुढचा शू चाकाच्या फिरण्यानेच ड्रमकडे खेचला जातो आणि स्वतःच जास्त दाबतो. डिस्कमध्ये ही फुकटची मदत नाही, म्हणून बूस्टर लागतो. कॅलिपरचा पिस्टन मोठा, त्याला ऑइलही जास्त लागतं. त्यामुळे ज्या गाडीची डिस्क, त्याच गाडीचा मास्टर आणि बूस्टर, आणि मागच्या चाकांचं प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह असेल तर तोही. एवढं जमत नसेल तर ड्रमच नीट करा. चांगल्या लायनिंगचे, नीट अॅडजस्ट केलेले ड्रम त्या गाडीच्या वेगाला पुरतात.

चाक पकडतंय म्हणून लगेच नवा कॅलिपर आणू नका. निपल सैल करूनही चाक जाम असेल तर पिस्टन किंवा कॅलिपर सरकायच्या पिना अडकल्यात. निपलने मोकळं होतंय, पण रबरी होजच्या (नळीच्या) अलीकडचा, मास्टरकडचा लोखंडी पाइप सैल करून होत नाही, तर होज आतून सुजलाय. बाहेरून तो नवाकोरा दिसतो, त्यावर जाऊ नका. पाइप सैल करूनच चाक मोकळं झालं तर दोष मास्टरकडे, आणि तिथे पहिल्यांदा पेडलच्या रॉडला थोडा फ्री प्ले (मोकळी चाल) आहे का ते बघा.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे एअर काढताना पेडल धाडधाड तळापर्यंत मारणं. जुन्या मास्टरचा पिस्टन वर्षानुवर्षं बोअरच्या वरच्याच भागात फिरलेला असतो. खाली गंज आणि गाळ. तुम्ही जोर लावला की रबर तिथे फाटतं, आणि मग 'काल तर चांगला होता' सुरू. मी पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो. पेडल सावकाश दाबायचं, निपल उघडायचा, बंद करायचा, मगच पाय सोडायचा. मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, बहुतेकदा मागचं डावं. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बरणीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. वरची टाकी रिकामी होऊ दिलीत तर पहिल्यापासून सुरू करा.

ऑइल सीलबंद डब्यातलंच. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी शोषल्यावर ती मर्यादा १५५ पर्यंत येते. मेकॅनिकच्या कपाटातली अर्धी बाटली म्हणूनच नको. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका. इंजिन ऑइल चुकून गेलं तर सगळी रबरं बदला, धुऊन भागत नाही.

एका बाजूचे पॅड बदलून पैसे वाचवू नका. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका. ड्रमवर कोरलेल्या कमाल मापापुढे लेथवाल्याला जाऊ देऊ नका, तो 'अजून एक कट घेतो' म्हणणारच. जुन्या शूंच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकतो, हवेने उडवू नका; ओल्या फडक्याने पुसा. आणि दोन्ही बाजूचे ड्रम एकदम उघडू नका! एक बाजू जोडून झाल्यावर दुसरी. कुठली स्प्रिंग कुठे, हे मोबाइलच्या फोटोत नीट कळत नाही, शेजारच्या चाकात दिसतं.

नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करा. मध्ये थोडं चालवून गार होऊ द्या. पूर्ण थांबून तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून बसू नका. मगच घाटाचं नाव काढा.