बडोद्यात राहून अँबियंट पार्श्वसंगीताचा स्वतंत्र व्यवसाय कसा करावा

अँबियंट म्हणजे ठसठशीत चालीऐवजी वातावरण उभे करणारे संथ संगीत. या व्यवसायात उतरणाऱ्याने पहिला हिशेब असा मांडावा की स्वतःचा अल्बम हे ओळखपत्र आहे आणि घरखर्च निघतो तो दुसऱ्याच्या चित्रपटाला दिलेल्या संगीतातून. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखादा ट्रॅक मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकला गेला नसेल तर त्याची रॉयल्टी मिळत नाही. शिवाय तीस सेकंद ऐकले की एक ‘स्ट्रीम’ मोजला जातो, मग ट्रॅक दोन मिनिटांचा असो वा चौदा मिनिटांचा, त्यामुळे संथ, लांब रचना करणाऱ्याचे तेथे नुकसानच होते. बँडकॅम्प या संगीत थेट श्रोत्यांना विकण्याच्या संकेतस्थळावर डिजिटल विक्रीतील साधारण पंधरा टक्के आणि पैसे वळते करण्याचे शुल्क कापून बाकीची रक्कम कलावंताला मिळते, तेव्हा अल्बम तेथे ठेवावा, त्याचा दुवा दिग्दर्शकांना पाठवावा आणि रोज आकडे पाहत बसू नये.

साधनांवर सुरुवातीलाच मोठा खर्च करण्याचे कारण नाही. बऱ्यापैकी लॅपटॉप, दोन इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारी पेटी), एक कंडेन्सर माइक, विश्वासाचे हेडफोन आणि खिशात मावणारा रेकॉर्डर एवढे पुरते. सर्ज एक्सटी आणि व्हायटल हे संगणकावर चालणारे सिंथेसायझर विनामूल्य मिळतात. खोली मात्र विचार करून निवडावी; आमच्या दांडिया बाजारातील माडीवर रात्री एकनंतर शांतता असते, पण नवरात्रात माइक उघडण्यात अर्थ नसतो, म्हणून त्या दिवसांत मी केवळ मिक्सिंगची कामे घेतो.

ध्वनी कोठून आणावा, हा प्रश्न बडोदेकराला पडू नये. येथून जेमतेम दोन तासांवर, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने १९६९ साली मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला होता आणि गीता साराभाई यांच्यासारख्या शास्त्रीय संगीतातील जाणकारांनी त्यावर प्रयोग केले होते, म्हणजे ही परंपरा आपल्या दाराशीच आहे. अनेक मराठी घरांतून तंबोऱ्याचा कानही तयार असतो, आणि अँबियंट संगीताची निम्मी विद्या तेथेच आहे. तंबोऱ्याची एकच तार हार्मोनियमच्या पांढरी एकच्या षड्जात, म्हणजे सुमारे १३१ हर्ट्झला, लावून वीस सेकंद ध्वनिमुद्रित करावी, त्याची दुसरी प्रत करून ती अर्धा हर्ट्झ वर सरकवावी, म्हणजे साधारण सात सेंट (सेंट हा अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), आणि दोन्ही एकत्र ऐकाव्यात. दोन वारंवारितांतील फरक अर्ध्या हर्ट्झचा असल्यामुळे दर दोन सेकंदांनी आवाजात एक हेलकावा येतो. दृश्यातील माणूस सावकाश श्वास घेत असेल तर हा फरक आणखी कमी करावा, कारण श्वास आणि हेलकावा यांची गती जुळली नाही तर प्रेक्षक अस्वस्थ होतो आणि का ते त्याला सांगता येत नाही. वाद्य वाजवणारे हवे असतील तर सयाजीरावांनी १८८६ साली गायक-वादक मौलाबक्षांच्या हाती सोपवलेल्या संगीतशाळेतून वाढलेला महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा संगीत विभाग येथेच आहे; विद्यार्थी असला तरी त्याला मानधन द्यावे आणि त्याची लेखी संमती घ्यावी.

पहिली कामे याच विद्यापीठाच्या ललित कला शाखेतील ॲनिमेशन आणि व्हिडिओ करणाऱ्यांकडून, नाट्य विभागाकडून आणि अहमदाबादच्या चित्रपट-विद्यार्थ्यांकडून मिळतात. पैसे थोडे असतात. त्याऐवजी श्रेयनामावलीत नाव, पूर्ण चित्रपटाची प्रत आणि लेखी करार मागावा. दिग्दर्शकाबरोबर चित्रपट पाहताना ‘येथे कोणते वाद्य हवे?’ असे विचारू नये. ‘येथे प्रेक्षकाला काय कळलेले असावे?’ असे विचारावे. संपादनाच्या वेळी तात्पुरते लावलेले संगीत, म्हणजे टेम्प ट्रॅक, ऐकताना त्याच्या भावनेचे तापमान तेवढे टिपावे. त्याची नक्कल करून दिली तर काम लवकर मंजूर होते, पण पुढच्या वेळी नक्कल करणारा दुसरा स्वस्तात मिळतो.

एका माहितीपटात हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या वृद्ध कारागिराचे तीन मिनिटांचे दृश्य होते आणि मी त्यावर चार थर चढवले होते. दिग्दर्शिकेने माझ्यासमोर एकेक थर बंद केला. तिसरा थर बंद होताच भात्याचा फुसफुसता श्वास प्रथमच ऐकू आला; माझा पॅड, म्हणजे सिंथेसायझरचा लांबवलेला स्वरांचा थर, त्याच वारंवारितांच्या पट्ट्यात पसरला होता. शेवटी तंबोऱ्याची एक तार राहिली आणि दृश्य उभे राहिले. तेव्हापासून संवाद असतील तेथे मी एक ते चार किलोहर्ट्झचा पट्टा इक्वलायझरने मोकळा ठेवतो, कारण शब्दांची स्पष्टता मुख्यतः तेथे असते.

काम सुपूर्द करण्याच्या पद्धतीवरून व्यावसायिक ओळखला जातो. फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह स्वरूपात द्यावी. ड्रोन, ताल, सुरावट आणि परिणाम-ध्वनी यांचे वेगळे स्टेम्स, म्हणजे प्रत्येक गटाची स्वतंत्र फाइल, एकाच बिंदूपासून सुरू होतील असे काढावेत आणि नावात क्यू (चित्रपटातील संगीताचा एकेक तुकडा) क्रमांक व आवृत्ती लिहावी. फ्रेम दर, म्हणजे सेकंदाला किती चित्रे, आधीच विचारून घ्यावा. २३.९७६ वर संपादित झालेला चित्रपट पुढे २४ वर चालवला गेला तर दहा मिनिटांत सहा दशांश सेकंदाची, म्हणजे चौदा फ्रेमची तफावत पडते आणि दार बंद होण्याच्या क्षणी बसवलेला ठोका दार बंद झाल्यावर पडतो. ध्वनिपातळीबाबतही ज्याचे त्याचे मानक पाहावे. युरोपीय प्रक्षेपणाला सरासरी उणे २३ लफ्स (आवाजाची जाणवणारी पातळी मोजण्याचे एकक) लागते, तर स्पॉटिफाय उणे १४ च्या आसपास आणते, म्हणून अल्बमचा मास्टर चित्रपटाला देऊ नये.

आता कागदपत्रांविषयी, कारण येथेच सर्वाधिक नुकसान होते. मी सुरुवातीला एका लघुपटाचे संगीत दिले तेव्हा फोनवरील संदेशात केवळ ‘हो, वापरा’ एवढे लिहिले होते, आणि दोन वर्षांनी तेच संगीत एका जाहिरातीत ऐकून मी उठून बसलो. भांडायला माझ्याकडे कागद नव्हता. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. निर्माते म्हणूनच ‘कायमस्वरूपी, जगभर’ हे शब्द आग्रहाने घालतात. ते मान्य करायचे असतील तर मानधन त्या मानाने मागावे, नाहीतर कोणत्या चित्रपटासाठी, कोणत्या माध्यमात आणि किती वर्षे हे स्पष्ट लिहावे. २०१२ च्या दुरुस्तीमुळे चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या रॉयल्टीतील संगीतकाराचा समान वाटा करारानेही काढून घेता येत नाही, हे पुष्कळ तरुणांना ठाऊक नसते. तो वाटा गोळा करण्यासाठी आयपीआरएसचे (संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे) सदस्य व्हावे आणि प्रत्येक चित्रपटाची क्यू शीट, म्हणजे कोणते संगीत कोठून कोठपर्यंत वाजले याचा तक्ता, स्वतः भरून निर्मात्याला द्यावा, कारण तो भरण्याची घाई आपल्याखेरीज कोणालाही नसते.

मानधनाचे तीन हप्ते पाडावेत: निम्मे कामाआधी, पाव मसुद्याला आणि पाव अंतिम स्टेम्स देण्याच्या आधी. दुरुस्तीच्या किती फेऱ्या मूळ मानधनात येतात ते करारात लिहावे. मी दोन ठेवतो. बिलातून टीडीएस कापला जातो, तो वर्षअखेरीस विवरणपत्रात मिळवून घ्यावा.

काम संपल्यावर प्रकल्पातील प्रत्येक ट्रॅक साध्या वेव्हमध्ये उतरवून दोन हार्डडिस्कवर ठेवावा, कारण प्लगइन, म्हणजे संगणकातील सिंथेसायझरसारखी जोडसाधने, कालबाह्य होतात. हार्मोनियमवाल्या माहितीपटाची छोटी आवृत्ती काढण्यासाठी दिग्दर्शिकेचा फोन आला तेव्हा मधे चार वर्षे गेली होती आणि मी वापरलेला एक सिंथेसायझर नव्या संगणकावर उघडतही नव्हता. तंबोऱ्याची वेव्ह फाइल मात्र उघडली, आणि नवे मानधन ठरवून त्याच संध्याकाळी मी ती पुन्हा कापायला घेतली.