जोडसुट्टीत दर्जेदार शर्यती कशा आखाव्यात
मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर २४०० मीटरची इंडियन डर्बी ही घोड्यांची मानाची शर्यत परंपरेने फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी होते. म्हणून प्रजासत्ताक दिनाची जोडसुट्टी आखताना आधी डर्बीची तारीख पक्की करावी आणि तिथून मागे मोजत यावे. २०२६ मध्ये २६ जानेवारी सोमवारी आली आणि तो रविवार अवघ्या सहा दिवसांवर राहिला. अशा वेळी डर्बीचे घोडे सुट्टीला धावतील अशी अपेक्षा ठेवूच नये, कारण चांगल्या घोड्याला दोन मोठ्या शर्यतींमध्ये काही आठवड्यांची विश्रांती मिळालीच पाहिजे. सोमवारची मुख्य शर्यत १००० किंवा १२०० मीटरची, अनुभवी वेगवान घोड्यांसाठी ठेवावी.

हैदराबाद आणि बंगळुरूच्या हिवाळी हंगामातील मोठ्या शर्यतीही अवश्य पाहाव्यात, कारण नामवंत जॉकी (शर्यतीचा घोडेस्वार) एकाच दिवशी दोन शहरांत धावू शकत नाही.

सर्वांत जपावे ते गवताला. आतल्या कठड्यालगत टापांनी उखडलेली ढेकळे माळी प्रत्येक शर्यतीनंतर पायाने दाबून बसवतात, परंतु लागोपाठ दोन दिवस शर्यती असतील तर एवढ्याने भागत नाही. पहिल्या दिवसानंतर कठडा काही मीटर बाहेर सरकवून ताजी पट्टी खुली करावी आणि मुख्य शर्यत दुसऱ्या दिवशी, शेवटून दुसरी ठेवावी.